अर्जात कारण काय लिहू?

(नेवासा येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाची मुद्रणप्रत)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी 'उंबरठा' एवढंच म्हटलं. पलीकडून जरा वेळाने प्रश्न आला, "वास्तुशास्त्रावर बोलणार का मॅडम?" त्यांचं काही चुकलं नाही. ज्या तालुक्यात शनिशिंगणापूर आहे, घरांना चौकटी आहेत आणि दारं नाहीत, तिथे नुसत्या उंबरठ्यावर तासभर सहज बोलता येईल. मला बोलायचं आहे ते डॉ. जब्बार पटेल यांच्या १९८२ च्या चित्रपटाबद्दल. पैस खांबाच्या गावात जाऊन सिनेमावर बोलणार, असं म्हणून एका वकील मित्राने मला वेड्यात काढलं. पण ज्ञानोबांनी जिथे ज्ञानेश्वरी सांगितली तिथे मोडक्या संसाराबद्दल बोलू नये, असं मला वाटत नाही. त्यांच्या आईवडिलांचा संसार आठवा. त्याकडे मी येणारच आहे.

मी समीक्षक नाही. नगरच्या कोर्टात कौटुंबिक दावे चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे चित्रपट बघतानाही माझं अर्धं लक्ष फिर्याद कोणाची, पुरावा काय, यातच असतं.

समोर बसलेल्या तरुण मंडळींपैकी बऱ्याच जणांनी 'उंबरठा' पाहिला नसेल, म्हणून गोष्ट थोडक्यात सांगते. सुलभा महाजन समाजकार्याचं शिक्षण घेतलेली. नवरा सुभाष यशस्वी वकील. सासूबाई स्वतः समाजकार्यात मुरलेल्या, दीर डॉक्टर, जाऊ माया, आणि सुलभाची लहान मुलगी राणी. घर सुखवस्तू. सुलभाला दूर संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिकेची नोकरी मिळते. सासूबाईंचं म्हणणं, समाजकार्यच करायचं ना, मग इथल्या संस्थेत कर. नवरा कुरकुरत होकार देतो. मूलबाळ नसलेली माया राणीला आपल्या पंखाखाली घेते. सुलभा जाते, आश्रमातल्या बायकांसाठी व्यवस्थापनाशी झगडते, थकते, आणि शेवटी राजीनामा देऊन घरी येते. घराला तोवर तिच्यावाचून राहायची सवय झालेली असते. राणीसुद्धा परक्यासारखी बघते. सुभाष सांगतो की त्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे. सुलभा घर सोडून जाते. शांता निसळ यांची 'बेघर' ही मूळ कादंबरी, पटकथा विजय तेंडुलकरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. त्यातली सुरेश भटांची गाणी तुम्ही चित्रपट न पाहताही ऐकलेली आहेत. लोक ती लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा हौसेने म्हणतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

या घरात दुष्ट कोणी नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. 'उंबरठा'नंतर नऊ वर्षांनी 'माहेरची साडी' आला आणि गावोगावच्या बायका पदर भिजवून घरी गेल्या. तिथे उषा नाडकर्णींची सासू पडद्यावर आली की कोणाचा राग करायचा हे प्रेक्षकाला सांगावं लागत नसे. रडून झालं की मन मोकळं होई. 'उंबरठा' ही सोय देत नाही. सुभाष हात उचलत नाही, पीत नाही, माहेराहून काही आण म्हणत नाही. गिरीश कार्नाडांनी तो इतका सभ्य उभा केला आहे की मधूनमधून आपल्यालाही त्याचं पटतं. सासूबाई कडक आहेत, पण सासुरवास वगैरे नाही. मायाची तर मला कणवच येते. तरीही त्या दिवाणखान्यात सुलभा आली की तिला श्वास अपुरा पडतो आहे, हे स्मिता पाटीलच्या मानेच्या, खांद्यांच्या ताठरपणातून दिसत राहतं.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो आईबरोबर. मी तेव्हा कायद्याच्या पहिल्या वर्षाला होते. बाहेर पडून रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "त्याने दुसरी बाई केली नसती तर हिने काय केलं असतं गं?"

"गेलीच असती," मी म्हटलं.

"कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाद घालायचा म्हणून मी बरंच बोलले, आणि आईने ते ऐकून घेतलं. आईचा संसार नातेवाइकांत सुखाचा म्हणून गणला जाई. तो तसा नव्हता, हे आम्हा भावंडांना ठाऊक होतं. पण त्यात चारचौघांत सांगण्यासारखं काही नव्हतं. वडील निर्व्यसनी, कमावते, शब्दाचे पक्के. ते आईशी बोलत नसत. भांडण होतं म्हणून नव्हे, तिच्याशी बोलावं असं त्यांना काही वाटतच नसे. भाजीला पैसे, पोरांची फी, उद्या पाहुणे येणार आहेत, एवढं झालं की संपलं. अशी चाळीस वर्षं गेली. कुठल्या पंचापुढे मांडणार ती हे? कोणती कलमं लावणार?

तेव्हा माझी तक्रार अशी, की 'उंबरठा' ऐन मोक्याच्या क्षणी आपली वाट सोपी करून घेतो. दोन तास तो आपल्याला एक दुखणं दाखवतो, ज्याला नाव नाही आणि आरोपीही नाही. आणि शेवटी एक असं कारण पुढे करतो की सभागृहातला कर्मठातला कर्मठ माणूसही म्हणेल, "हां, मग गेली ते बरोबर केलं." सुभाष तोंड उघडतो आणि सुलभा मोकळी होते. दार तीच ओलांडते, पण कडी नवऱ्याने काढून दिलेली असते.

हे एकट्या या चित्रपटाचं नाही. प्रभातचा 'कुंकू' बघा, १९३७ चा, व्ही. शांतारामांचा. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. तरुण नीरा म्हाताऱ्या बिजवर वकिलाच्या गळ्यात बांधली जाते (वकील इथेही आहेतच, आमचा धंदा मराठी सिनेमात फार बदनाम) आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपट्यांची ती नीरा मला आजही सुलभेपेक्षा धीट वाटते. तिच्यापाशी दुसरी बाई नाही, मारहाण नाही, तिचं म्हणणं एवढंच की हे लग्न मला न विचारता, फसवून लावलं, मी ते मानत नाही. पार्श्वसंगीत नसलेल्या त्या घरात घड्याळाचा टोला आणि भांड्यांचा आवाज यांतून तिचा राग ऐकू येतो. पण शेवटी काय होतं? त्या म्हाताऱ्या वकिलाला, काकासाहेबांना, उपरती होते, ते पत्र लिहून ठेवतात आणि जीव देतात. केशवराव दात्यांनी ते काम असं केलं आहे की प्रेक्षक नीरेला विसरून म्हाताऱ्यासाठी रडतो. नीरा सुटते, पण नवऱ्याच्या मरणाने, आणि तेही त्याच्या लेखी परवानगीने.

शांतारामबापूंना सोडून द्यायला हवं, कारण १९३७ साली पुण्यातल्या नीरेला घटस्फोट मागायला कायदाच नव्हता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी तो १९३१ मध्ये आणला होता. मुंबई इलाख्यात यायला १९४७ उजाडलं आणि सगळ्या देशाला १९५५. पण १९८२ मध्ये तशी अडचण नव्हती. त्याच वर्षी महेश भट्ट यांचा 'अर्थ' आला आणि त्यात स्मिता पाटील दुसऱ्या बाईच्या भूमिकेत होती. एकाच वर्षात तिने उंबरठा ओलांडणारी बायको केली आणि जिच्यापायी नवरा घर सोडतो ती बाईही केली. 'अर्थ'मधली पूजा शेवटी परत आलेल्या नवऱ्यालाही नाही म्हणते आणि नव्या मित्रालाही, ते मला आवडतं. पण सुरुवात तिथेही नवऱ्याच्या पाऊल घसरण्यानेच.

बाहेरचं एकच उदाहरण देते. इब्सेनच्या नाटकातली नोरा १८७९ मध्ये घर सोडते. नवऱ्याची दुसरी बाई नाही, मारहाण नाही. आपण या घरात बाहुली होतो एवढं तिला कळलेलं असतं. जर्मनीतल्या प्रयोगासाठी तिथल्या नटीने हा शेवट करायला नकार दिला. मी माझी मुलं सोडून कधी गेले नसते, असं तिचं म्हणणं. इब्सेनला स्वतःच्या हाताने दुसरा शेवट लिहून द्यावा लागला, त्यात नोरा मुलांना बघून खाली कोसळते आणि राहते. हे आपण रानटीपणा म्हणून लिहून दिलं, असं तो नंतर म्हणत असे. सांगायचा मुद्दा, कारणाशिवाय घर सोडणारी बाई तिकडच्या प्रेक्षकालाही सुखासुखी पचलेली नाही.

आणि आता मी तुम्हाला सिनेमातून उचलून मुंबईच्या हायकोर्टात नेते. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी नावाच्या गृहस्थांनी दावा लावला की माझी बायको रखमाबाई नांदायला येत नाही, तिला पाठवा. लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि ती सासरी कधी राहिलीच नव्हती. तिच्या बाजूने त्याच्या तब्येतीचे, गरिबीचे मुद्दे मांडले गेले, पण मुळातलं म्हणणं साधं होतं: समज नसताना लावलेलं हे लग्न मला बांधत नाही. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. अपिलात तो परत खाली आला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करते असं कळवलं. 'केसरी'ने त्यांच्यावर तोफ डागली. १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत, राजकोट इथे त्यांनी आयुष्यभर बायकांचे दवाखाने चालवले. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हापासून त्या विधवेची पांढरी साडी नेसू लागल्या, असं चरित्रकार सांगतात. हे वाचून मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसले होते. जो नवरा मानला नाही त्याचं वैधव्य का पाळलं असेल? मला त्याचा उलगडा होत नाही, आणि करून टाकायची घाईही नाही.

थोडक्यात, आपल्या चित्रपटांनी जे धाडस करायचं टाळलं ते एका मराठी मुलीने त्यांच्या कितीतरी आधी, भर कोर्टात करून दाखवलं होतं. योगायोगांना अर्थ चिकटवण्याची मला सवय नाही, तरी हा एक सांगते. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा आला, सप्टेंबरमध्ये रखमाबाई वारल्या आणि ऑक्टोबरमध्ये स्मिता पाटीलचा जन्म झाला.

तो कायदा आला खरा. पण त्यात घटस्फोट मागायचा तर कारण द्यावं लागतं: व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, अशी यादी आहे. १९७६ पासून दोघांच्या संमतीने वेगळं होता येतं, पण त्याला दुसऱ्याची सही लागते. संसार पार मोडला आहे, एवढं कारण पुरेसं मानावं अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ मध्येच केली होती. तसं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर होऊन पुढे बारगळलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा मोडलेला संसार आम्ही आमच्या विशेष अधिकारात सोडवू शकतो. म्हणजे नेवाशाच्या बाईने त्यासाठी दिल्ली गाठायची! आणि ज्या दाव्याखाली रखमाबाईंना ओढलं, तो नांदायला आणण्याचा दावा आजही कायद्याच्या नवव्या कलमात शाबूत आहे. तुरुंग तेवढा गेला.

या यादीचा परिणाम काय होतो, ते माझ्या ऑफिसात बसलात तर दिसेल. बाई येते. बरोबर भाऊ असतो किंवा मामा.

"मारतो का?"

"नाही."

"पितो?"

"नाही हो."

"पैसे मागतात?"

"नाही."

"मग?"

"मला तिथं जायचं नाही."

भाऊ कपाळावर हात मारतो. आणि मग दालनात एक चमत्कारिक काम सुरू होतं. तिच्या दुःखाला अर्जाच्या मापाचं करायचं. पाच वर्षांपूर्वी त्याने ताट ढकललं होतं ना, ते लिहा. सासू जेवणावरून बोलली होती, ते लिहा. जे तिला खुपतच नव्हतं ते कागदावर मोठं होतं आणि जे खुपतं त्याला कागदावर जागाच मिळत नाही. समोरून तसाच जबाब येतो. वर्षभराने ती दोघं एकमेकांचा खरोखर द्वेष करायला लागतात. जे वैर नव्हतं ते आम्ही तयार करून देतो, फी घेऊन.

मला माहीत आहे, इथे कोणीतरी मनात म्हणत असेल, हा सगळा पुण्या-मुंबईच्या बंगल्यातला प्रश्न. आमच्याकडे बाईला श्वास अपुरा पडतो की नाही हे बघायला वेळ कोणाला आहे? यात तथ्य आहे, पण वेगळ्या कारणाने. आपल्याकडे अनेक जातींत काडीमोड होती, पाट लावायची रीत होती. जातपंचायतीत चार माणसांसमोर फारकत व्हायची आणि बाई दुसरा संसार थाटायची. हिंदू विवाह कायद्यानेही रूढीची ही फारकत शाबूत ठेवली. सुटकेचा रस्ता बंद होता तो वरच्या जातींत. पुढे घरात पैसा आला, मुलं शिकली, आणि आपणही आता वरचे झालो हे दाखवायला पहिली कुठली रीत टाकली असेल, तर हीच. आजी पाटाची होती, हे नात लपवते.

आणि श्वासाबद्दल म्हणाल तर ऊसतोडीच्या फडात या. भेंड्याला, सोनईला कारखाने आहेत. पाथर्डीकडून, बीडकडून टोळ्या येतात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. तो तोडतो, ती मोळी बांधून डोक्यावर वाहते. हंगामाच्या मध्येच त्या बाईला वाटलं की या माणसाबरोबर राहायचं नाही, तर ती कुठे जाणार? आधी उचल फेडा. सुलभेपुढे निदान आगगाडीचं तिकीट काढण्याचा मार्ग होता.

आता तुमच्या गावाकडे येते. नेवासं हे म्हाळसेचं माहेर. इथल्या वाण्याची, तिमशेटची ती लेक, पालीला खंडोबाशी तिचं लग्न लागलं, आणि ते लग्न दर पौषात अजूनही लागतं. पुढे सारीपाटात हरून देव धनगरवाड्यात राहिला आणि बाणाईला घेऊन आला. मग म्हाळसेचं जे भांडण सुरू झालं ते वाघ्या-मुरळी रात्र रात्र गातात. जागरणात बसलेल्या बायका त्या भांडणाला कशी दाद देतात ते बघा. देवाधर्माच्या नावाखाली का होईना, नेवाशाच्या या लेकीचं गाऱ्हाणं महाराष्ट्राने शेकडो वर्षं पदरचं तेल जाळून ऐकून घेतलं आहे. मात्र म्हाळसा रागाने माहेरी नेवाशाला निघून आली, असं एकही गाणं मी ऐकलेलं नाही. जेजुरीत ती देवाशेजारी उभी आहे आणि बाणाईचं देऊळ गडाच्या वाटेवर वेगळं आहे. तडजोडीचा नकाशाच तो.

ज्ञानोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, तर गाऱ्हाण्याचं गाणंही मिळालं नाही. विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यास घेतात, ती आळंदीत वाट बघते, गुरूंच्या सांगण्यावरून ते परत येतात, वाळीत टाकले जातात, चार मुलं होतात, आणि शेवटी दोघं देहान्त प्रायश्चित्त घेतात. मुलांच्या मोठेपणाच्या उजेडात आपण ते सगळं वाचतो, त्यामुळे त्या बाईला काय वाटलं असेल हा प्रश्न आपल्याला सुचतच नाही. सोडून जाणारा संन्यासी होता, दुष्ट नव्हता. इथेही आरोपी नाहीच.

'उंबरठा' मी नंतरही पाहिला, मुलीबरोबर पाहिला. तिला आश्रमाचा भाग जास्त महत्त्वाचा वाटला आणि घरातला भाग संथ. आश्रमातल्या बायकांना निदान काय झालं ते सांगता येतं, असं ती म्हणाली. सुलभाला सांगता येत नाही, म्हणून ती त्यांच्यात जाऊन बसते. हे मला सुचलं नव्हतं. आश्रमात दाखल व्हायला रजिस्टरमध्ये कारण लिहावंच लागतं. अधीक्षिकेच्या खुर्चीत बसलेल्या बाईपाशी तेवढं एक नाही.

वकील म्हणून मी त्या शेवटच्या प्रसंगाचा हिशेबही मांडला आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर नवऱ्याचा एकदाचा व्यभिचारही घटस्फोटाला पुरतो. म्हणजे सुभाषच्या त्या एका वाक्यावर सुलभाला कोर्टात घटस्फोट आणि पोटगी दोन्ही मागता आलं असतं. राणीचं अवघड होतं. १९५६ च्या कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालक आधी बाप, मग आई, आणि आईकडे साधारणपणे पाच वर्षांखालचं मूल. 'बापानंतर आई' याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने सैल केला तो १९९९ मध्ये. मुलीचं हित कोर्ट बघतंच, पण नोकरी सोडलेल्या, घर नसलेल्या आईकडे ते झुकलं असतं का, याची मी हमी देणार नाही.

सुभाष स्वतः वकील. ही सगळी कलमं त्याला पाठ असणार. आपल्या विरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा आपण आपल्या तोंडाने देतो आहोत, हे त्याला कळत नव्हतं असं मी मानत नाही. घर मोडायचं म्हणून तो ते सांगत नाही. ही बाई याचा उपयोग करणार नाही, ती राहील, याची त्याला खात्री आहे. आणि एका अर्थी त्याचं खरं ठरतं. सुलभा उपयोग करत नाही. ती अर्ज करत नाही, पोटगी मागत नाही, कारण म्हणून ते वाक्य कुठे लिहून देत नाही. आईला रिक्षात द्यायला हवं होतं ते उत्तर बहुधा इथेच कुठेतरी आहे. ज्याने कडी काढली त्याला वाटलं होतं, दार उघडं असलं तरी कोणी जाणार नाही.